तुम्ही विचारलंत म्हणून : "थकला होतात तर नाही म्हणायचं ना"

डिसेंबर २०२५ पासून हा प्रश्न किती जणांनी विचारला ते मोजणं मी सोडून दिलंय. इंडिगोची विमानं रद्द झाली, ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराच्या वर, आणि टीव्हीवर पायलटांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची चर्चा सुरू झाली. मी पायलट आहे, त्या कंपनीत नाही, स्वस्त तिकिटांच्याच दुसऱ्या एका कंपनीत आहे, पण आपल्याकडे पायलट म्हटलं की सगळे एकच. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, सोलापुरात घरी आलो तर होम मैदानावर शाळेतला मित्र भेटला, म्हणाला, "एसीत बसून, ऑटोपायलट लावून कसलं थकताव बे तुम्ही?" त्याचा राग नाही आला, तो असंच बोलतो. पण दोन दिवसांनी जुळे सोलापुरात मावशीकडे जेवायला गेलो तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं ते लागलं. "एवढं थकत असाल तर नाही म्हणायचं ना. कोण जबरदस्ती करतंय? शेवटी १८० माणसं तुमच्या भरवशावर बसतात."

मी तिथे काहीतरी बोललो आणि विषय बदलला. पण प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला उडवाउडवीचं उत्तर देऊन मलाच कंटाळा आलाय.

आधी ऑटोपायलटचं. ऑटोपायलट सांगू तेच करतो. किती उंचीवर जायचं, कुठल्या दिशेला वळायचं, तो आकडा माणसाने फिरवायचा. आकडा चुकला तर तो चुकीच्या आकड्यावर अगदी अचूक घेऊन जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि थकवा म्हणजे काय हे मला विमानाने नाही, अप्पांनी, माझ्या वडिलांनी, शिकवलं. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे बारा माग होते, टॉवेलचे. मी लहान असताना अप्पा सकाळी शेडमध्ये जाऊन रात्रपाळीचा माल बघायचे, आणि एखादा टॉवेल उजेडात धरून म्हणायचे, हा पहाटेचा. धागा सुटलेला, काठ ओढला गेलेला, मध्येच पट्टा विरळ. विणणाऱ्याला विचारलं तर तो शपथेवर सांगायचा की अप्पा मी जागा होतो, नजर मागावरच होती. आणि तो खोटं बोलत नव्हता, हे अप्पांना माहीत होतं, म्हणून ते कधी ओरडले नाहीत. पहाटे तीनला स्वतः उठून चहा घेऊन जायचे आणि दोन मिनिटं माग बंद करून सगळ्यांना बाहेर उभं करायचे. आमच्या ट्रेनिंगमध्ये साधारण दोन ते सहा या वेळेला एक भारी इंग्रजी नाव आहे, शरीराचं घड्याळ तेव्हा सगळ्यात खाली असतं. वर्गात ते शिकवलं तेव्हा मला तो टॉवेलच डोळ्यासमोर आला.

आता ती गोष्ट सांगतो जी मी घरी अप्पांशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

नोव्हेंबर २०२२. मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट होतो, कॅप्टन व्हायचं प्रमोशन सहा-आठ महिन्यांवर आलेलं. एक रात्र उडून झाली होती, मग हॉटेलवर कागदावर बारा तासांची विश्रांती. त्यातला तासभर गाडीत आणि चेक-इनमध्ये गेला, खाली लॉनवर लग्न, बँड दुपारी बाराला सुरू झाला तो चारपर्यंत. पडदे ओढून, कानात बोळे घालून पडलो होतो. झोप म्हणाल तर तुकड्या-तुकड्यात तीन तास. रात्री उठलो, अंघोळ केली, आरशात बघितलं आणि खरं सांगतो, मला ठीक वाटलं. डोकं दुखत नव्हतं, डोळे चुरचुरत होते एवढंच. गाडीत कॅप्टनने विचारलं झोप झाली का, मी म्हटलं हो सर, तुमची? ते म्हणाले हो. दोघंही खोटं बोललो असं म्हणवत नाही. आम्ही हे "जेवलास का" सारखं विचारतो.

तीन सेक्टर, म्हणजे तीन उड्डाणं होती. पहिले दोन बरे गेले, मध्ये उतरून परत उडायला पंचवीस-तीस मिनिटं, त्यात इंधन, वजनाचा कागद, बाहेरून विमानाला फेरी, पुढच्या रूटची तयारी, बाथरूमला जायचं का कॉफी प्यायची यातलं एकच जमतं. तिसऱ्या सेक्टरला उतरताना सूर्य समोरून येत होता. विमान मी उडवत होतो, रेडिओ कॅप्टनकडे. आजूबाजूला डोंगर असलेलं शहर. खालून कंट्रोलरने सांगितलं, चार हजार फुटांपर्यंत उतरा. कॅप्टनने बरोबर परत वाचून दाखवलं, चार हजार. मी नॉब फिरवला. पद्धत अशी की ज्याने फिरवला त्याने समोरच्या स्क्रीनवर निळ्या अक्षरात आलेला आकडा वाचून म्हणायचं आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून म्हणायचं चेक्ड. मी म्हटलं, "चार हजार, ब्लू." कॅप्टन म्हणाले, "चेक्ड."

स्क्रीनवर तीन हजार होतं.

मी आकड्याकडे बघून वाचला होता. त्यांनीही बघितलं होतं. तीन लिहिलेलं होतं आणि आम्हा दोघांना चार दिसलं. विमान आपलं शांतपणे चार हजार ओलांडून खाली निघालं, ऑटोपायलट लावलेला होता, काही हललं नाही, काही वाजलं नाही, केबिनमध्ये लोक बूट घालत असतील, बॅगा सावरत असतील. मग कानात कंट्रोलरचा आवाज आला, त्याने आमच्या विमानाचं रेडिओवरचं नाव घेतलं आणि उंची कन्फर्म करा म्हणाला. आवाजात घाई नव्हती, पण शब्द तोडून तोडून. मी उंचीकडे बघितलं, ३,६००. पोटात खड्डा पडणे म्हणतात तो मला तेव्हा कळला. कॅप्टनने सॉरी म्हटलं, मी वर घेतलं, चार हजारावर आलो, आणि दहा-बारा मिनिटांनी व्यवस्थित उतरलो. लँडिंग चांगलं झालं, हे सगळ्यात वाईट. उतरताना एका आजींनी एअर होस्टेसला हात जोडले, ते कॉकपिटच्या उघड्या दारातून मला दिसलं.

हॉटेलच्या गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही.

उंची चुकली की रिपोर्ट द्यावाच लागतो, दिला. काय झालं, किती फूट, कुणी सांगितलं, सगळं खरं लिहिलं. पुढे एक रकाना होता थकव्याचा. गेल्या काही तासांत किती झोपलात, कधी उठलात, काय वाटत होतं. कॅप्टन माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. तो रकाना आम्ही कोरा ठेवला.

का ठेवला याचं उत्तर तेव्हाच्या मला विचारलं तर तो भांडायला उठेल. म्हणेल, बँडमुळे झोप नाही झाली असं लिहू? कंपनी म्हणेल मग उडालात कशाला, ड्युटी घेताना फिट म्हणून तूच आलास ना. म्हणेल, प्रमोशनच्या तोंडावर फाईलमध्ये थकवा हा शब्द नको. म्हणेल, अप्पांनी सहा माग विकले आणि घरावर कर्ज काढलं, मला लायसन्स मिळावं म्हणून, वर ठरावीक जातीचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचे, टाईप रेटिंगचे, वेगळे, वर कंपनी न सोडण्याचा बाँड. हप्ता दर महिन्याला पाच तारखेला जातो. पगारातला ठरावीक भाग ठरावीक तासांचा, त्यावरचे पैसे जितकं उडाल तितके. घरी बसलं की कमी. तो खोटं बोलत नाही. पण मी त्याला विचारतो, मग आजींचं काय? त्यावर तो गप्प बसतो, आणि मलाही पुढे काही सुचत नाही.

शेवट काय झाला तर मानवी चूक, सिम्युलेटरमध्ये एक जादा सेशन. फाईल बंद.

"नाही म्हणायचं ना" याचं पहिलं उत्तर हे आहे काका. मला त्या रात्री नाही म्हणायचंच नव्हतं, कारण मी थकलोय हे मला कळलं नव्हतं. पहाटेच्या विणणाऱ्यासारखंच. ज्याचं डोकं मंद झालंय त्यालाच विचारायचं की तुझं डोकं मंद झालंय का, हा हिशोबच चुकीचा आहे. म्हणून नियम लागतात, जे माणूस काय म्हणतो याच्यावर अवलंबून नसतात.

दुसरं उत्तर, एकदा मी म्हटलं नाही. २०२४ मध्ये, कॅप्टन झाल्यावर. रात्री अकराला ऑपरेशन्सला फोन केला, म्हटलं उद्या पहाटेला मी फटिगमुळे, म्हणजे थकव्यामुळे, अनफिट आहे. पलीकडचा पोरगा चांगला होता, घाबरून म्हणाला, "सर, सिक टाकू का? फटिग टाकलं तर वरून फोन येईल." मी म्हटलं फटिगच टाक. आला फोन, दोन दिवसांनी. कुणी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, तुमच्या बॅचच्या बाकीच्यांना हाच रोस्टर जमतोय, तुम्हाला काही मेडिकल आहे का. मेडिकल हा शब्द पायलटसमोर काढला की काय होतं ते पायलटलाच माहीत, वर्षाच्या मेडिकलवर सगळी नोकरी लटकलेली असते. त्यानंतर मी फटिग हा शब्द परत वापरलेला नाही. एकदा सिक, म्हणजे आजारी, टाकलं. हे कबूल करतो.

आणि त्या पहाटे माझ्या जागी स्टँडबायवरचा, राखीव ठेवलेला, कोणीतरी उडाला. तो माझ्यापेक्षा ताजा होता का, कुणास ठाऊक.

२२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, रेकॉर्डरवर घोरणं होतं, आणि शेजारचा को-पायलट गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर घ्या, म्हणत असताना तो उतरतच राहिला. वर्गात हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं, असा कसा हा माणूस, शेजारी ओरडतोय आणि याला ऐकू येत नाही. आज तसं म्हणायची माझी हिंमत नाही.

नवे नियम यासाठीच होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्र पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोन. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएने ते जानेवारी २०२४ मध्ये काढले, त्याच जूनला लागू व्हायचे होते, पुढे ढकलले, दिल्ली हायकोर्टात गेले, मग जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत आले. जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती माणसं भरायला. तरी डिसेंबरात गोंधळ झाला आणि ज्या कंपनीचा झाला तिलाच रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. तुमचं लग्न चुकलं, परीक्षा चुकली, विमानतळावर लेकरं जमिनीवर झोपली, तुमचा राग मला समजतो, पण तो विश्रांतीवर काढू नका हो.

मग स्वस्त विमानात बसायचं का नाही? माझी बायको-मुलगी बसतात. आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून २०२५ मध्ये विमानं सुरू झाली, उद्या अप्पांनाही बसवीन. पण पहाटेचं तिकीट काढताना माझा हात जरा थांबतो, हे पण खरं.

गड्ड्याच्या सुट्टीतल्या शेवटच्या रात्री अप्पांना ती तीन हजार-चार हजारची गोष्ट पुन्हा सांगत होतो. त्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकली. मला वाटलं माझ्याबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, "तो खालचा माणूस, ज्याने तुम्हाला हटकलं. त्याची पाळी किती वाजता सुरू झालेली?"

तीन वर्षांत मी हे कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.