फुटबॉलच का? तुम्ही विचारलंत म्हणून

तुमच्याकडे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत भरते, कबड्डीचे सामने होतात, मंडईच्या जत्रेला रात्रभर नाटक चालतं. मग गेलेल्या पोराच्या नावानं फुटबॉलच का? आणि पैसेच जमवायचे होते तर सरळ वर्गणी का नाही काढली? गेलेल्या भावाच्या आठवणीत आम्ही गावात दरवर्षी फुटबॉलचा सामना भरवतो, सोबत रक्ततपासणी आणि रक्तदानही असतं; तिथे हे दोन प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. नागपूरचे पाहुणे विचारतात, रक्तपेढीच्या गाडीचा ड्रायव्हर विचारतो, मागच्या खेपेला तर रेफरी म्हणून बोलावलेल्या सरांनीच विचारलं. दरवेळी चहाच्या घोटाबरोबर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तो फुटबॉलवेडा होता आणि त्याला फुटबॉल खेळायची परवानगी नव्हती.

तो म्हणजे माझा मावसभाऊ. नाव लिहीत नाही, कारण पुढे येईल. त्याला सिकलसेल होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: रक्तातल्या गोल तांबड्या पेशी इळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथे अडकतात तिथे माणूस ओरडेल इतकं दुखतं. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, दमछाक झाली की दुखणं उठलंच. आता यात धावणं कुठे बसवायचं? शाळेत पीटीच्या तासाला त्याला कडुनिंबाखाली बसवायचे. बसून बसून तो बघण्यात तयार झाला.

फुटबॉलची परंपरा वगैरे आमच्याकडे काही नाही. ती नागपूरजवळच्या कामठीकडे आहे. छावणीचं गाव ते, तिथे मोहल्ल्यामोहल्ल्यात हा खेळ रुजलेला. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं, तेही तुम्हाला ठाऊक असेल. आमचं गाव मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या आतलं, धानाच्या पट्ट्यातलं. लहानपणी त्याला तपासणीला नागपूरला न्यायचे तेव्हा नागभीडहून छोट्या रुळांची गाडी होती. (रूळ मोठे करायचे म्हणून ती 2019 मध्ये बंद झाली. तिच्याबद्दल मी केव्हातरी वेगळं लिहीन, कारण तिच्यावर राग काढायचाय.) मुक्काम कामठीला, मावशीच्या नणंदेकडे. त्यांच्या घरासमोर मोकळं मैदान. पोरगा दवाखान्यातून यायचा, सुई टोचलेला हात पोटाशी धरून ओट्यावर बसायचा आणि बॉल दिसेनासा होईपर्यंत तिथल्या पोट्ट्यांचा खेळ बघायचा. घरातले हाका मारून थकायचे.

गावात परत आला की तोच खेळ आम्हाला ऐकवायचा. पुढे मोबाइल आले, तेव्हा युरोपातले सामने रात्री जागून बघायचा आणि सकाळी पानठेल्यावर त्यांची कॉमेंट्री करायचा. आमच्याकडच्या झाडीबोलीत. "आता मेस्सीनं बॉल धरला बाप्पा, आता हा कोनाले देत नाई!" ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे आजही सांगता येत नाही, ते म्हातारे बिडी विझेपर्यंत हलायचे नाहीत. मंडईच्या नाटकात दोन अंकांच्या मधे पडदा अडकला की मंडळाचे लोक माइक त्याच्याच हाती द्यायचे.

18 डिसेंबर 2022 ची रात्र मात्र थोडी सांगतो. विश्वचषकाची फायनल, अर्जेंटिना आणि फ्रान्स. साडेआठला सामना सुरू, थंडी कडाक्याची आणि नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ. मावशीनं अट घातली, स्वेटर घालशील तर जा. त्यानं स्वेटर घातलं आणि त्यावरून अर्जेंटिनाची जर्सी चढवली, ती इतकी ताणली गेली की पाठीवरचा 10 आडवा पसरला. फ्रान्सच्या एम्बापेनं तिसरा गोल केला, 3-3 झालं, तेव्हा तो बोलायचाच थांबला. एरवी ज्याचं तोंड बंद करायला पैसे द्यावे लागत, तो गप्प. मग शेवटच्या मिनिटाला अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं पाय पसरून फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका अडवला आणि पुढे पेनल्टीत 4-2. त्यानंतर महिनाभर तो कुणालाही, अगदी वीजबिल वाटायला येणाऱ्यालाही, पाय पसरून तो अडवलेला फटका करून दाखवत होता. गोल कोणी केले ते त्याला महत्त्वाचं वाटत नसे. अडवला कोणी, ते सांगायचा.

2023 च्या पावसाळ्यात तो गेला. आधी ताप, मग छाती भरली. रक्ताची गरज लागली, ते मिळालंही, पण गाव ते तालुका, तालुका ते जिल्हा, जिल्हा ते नागपूर या रस्त्यात जे व्हायचं ते झालं. यावर जास्त लिहीत नाही.

तेरवीला बसलेल्या लोकांत चर्चा निघाली की वर्षश्राद्धाला भंडारा घालू. कुणी टेनिस बॉल क्रिकेटचा चषक सुचवला, पहिलं बक्षीस बोकड. पोट्टे अडून बसले, की फुटबॉलच. वर्गणीचा मुद्दाही तिथेच आला आणि तिथेच संपला. झालं असं की त्याच वर्षी 1 जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली होती. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची. आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तेरवीला आल्या होत्या, त्या जाता जाता म्हणाल्या, "किट आहेत माझ्याकडे, भाऊ. माणसंच येत नाहीत." वर्गणीनं पैसे आले असते. माणसं कशी आली असती? रोगाच्या नावानं बोलावलं तर आमच्या गावात कुत्रं फिरकणार नाही. खेळाच्या नावानं बोलावलं तर शेजारची चार गावं बैलगाड्या जुंपून येतील, हे आम्ही पटाच्या वेळी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून सामना. धान घरी आल्यावर, पौषात. धानाच्या बांध्यांमध्ये खेळता येत नाही, दर वीस पावलांवर धुरा म्हणजे बांध आडवा येतो आणि कापलेल्या धानाची खुंटं तळपायात घुसतात. म्हणून गावाचं आखर, जिथे सकाळी गुरं जमतात ती जागा, आदल्या दिवशी शेण उचलून साफ करायची. गोलपोस्ट बांबूचे. नियमानं गोल 7.32 मीटर रुंद हवा. एवढा लांब आडवा बांबू बांधला की मधोमध झुकतो आणि गोलकीपरच्या डोक्याला लागतो, म्हणून आम्ही गोलच लहान केला. रेफरी सरांना हे पटलेलं नाही. जाळी मामा (माजी मालगुजारी) तलावावर मासे धरणाऱ्यांची, तिला वास येतो. पहिल्या वर्षी पाहुण्या संघाच्या गोलकीपरनं त्यावरून तक्रार केली होती, त्याला लोकांनी जो जबाब दिला तो इथे लिहिण्यासारखा नाही. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. खेळ कसा होतो? खरं सांगू, वाईट. सगळे बॉलच्या मागे धावतात.

पण तुम्ही येऊन बघा, आमची खरी गडबड सकाळी असते. मैदानाच्या कडेला, सावलीत, दोन टेबलं. एकावर सिस्टर. बोट टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात टाकतात, थोडं थांबतात, मग ती नळी काळ्या रेघा आखलेल्या पांढऱ्या कागदासमोर धरतात. नळीतून पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर माणूस मोकळा. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नमुना पुढच्या तपासणीला जातो आणि तिथे कळतं, की हा नुसता वाहक (दोष अंगात, पण आजार नाही) आहे की रुग्ण. पोट्टे रांगेत उभे राहून एकमेकांच्या नळ्यांत डोकावतात. "दिसते का? दिसते का?" हा आवाज मला गोलच्या आरोळीपेक्षा आवडतो.

दुसऱ्या टेबलाशी रक्तपेढीची गाडी. रक्त देणाऱ्याचं वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5. या तिसऱ्या अटीवर आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं, कारण बाया रांगेत उत्साहानं उभ्या राहतात आणि निम्म्याहून जास्त परत पाठवल्या जातात. एक आजी, खरं तर वयानंही बाद, डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "सारं आयुष्य रोवण्याच्या चिखलात गेलं बाई माझं, आन् आता माझं रक्त पातळ हाय म्हनते?" त्या बायांना लोहाच्या गोळ्या देऊन पाठवतात. गोळ्या खातात की नाही ते मी विचारत नाही.

खेळाडूंना त्या दिवशी रक्त देऊ देत नाहीत. दिलं तर खेळू देत नाहीत. चक्कर येऊन पडलं कुणी तर पुढच्या वर्षी आईबाप पोराला पाठवणार नाहीत. म्हणजे रक्त देतात ते बघणारे, तपासून घेतात ते बघणारे आणि पेटीत दहा-वीस रुपये टाकतात तेही बघणारेच. माझा भाऊ जन्मभर जिथे बसला होता त्या बाजूचे लोक. मैदानातली बावीस पोरं फक्त त्यांना तिथवर आणायला धावतात. एवढंच आहे ते. यासाठी क्रिकेटही चाललं असतं म्हणा, पण मग त्यानं भूत होऊन पानठेला डोक्यावर घेतला असता.

पेटीतल्या पैशांबद्दलही लोक विचारतात, आणि विचारावंच. पैसे बायांच्या बचत गटाच्या खात्यात जातात. "पोट्ट्यांच्या हाती नको," असं मावशीनंच सांगितलं होतं. सरकारी रक्तपेढीत सिकलसेलच्या रुग्णाला रक्त फुकट मिळतं, बदली रक्तदाता मागत नाहीत. पण रुग्ण तिथवर पोचायला गाडीभाडं लागतं, सोबतच्या माणसाला जेवण लागतं, त्या दिवशीची मजुरी बुडते. तेवढंच या पैशातून देतो. हिशेब सामन्याच्या मध्यंतरात माइकवरून वाचून दाखवतो, चहाच्या खर्चासकट.

बक्षीस जिंकणाऱ्या संघाला एक ढाल, आणि दुसरं बक्षीस उत्कृष्ट प्रेक्षकाला: दहा किलो एचएमटी तांदूळ. हे वाण आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेलं, त्यामुळे दुसरा तांदूळ देण्याचा प्रश्नच येत नाही. हे बक्षीस कुणाला द्यायचं यावर दरवर्षी ढालीपेक्षा जास्त वाद होतो. मागच्या वर्षी ज्यानं जिंकलं त्यानं सामना पाठमोरा उभा राहून, शेजारच्यांशी भांडत बघितला होता. निवड योग्यच होती असं माझं मत आहे.

आता नावाचं. बॅनरवर त्याचं नाव असतं, गावात सगळ्यांना माहीत आहे. पण इथे, जिथे कुणीही वाचेल तिथे, नको असं मावशी म्हणते. त्याच्या पाठची बहीण लग्नाची आहे. सिकलसेलचं घर म्हटलं की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठतात. पहिल्या वर्षी बॅनरवर त्याच्या नावापुढे नुसतं 'स्मृती फुटबॉल सामना' छापलं, सिकलसेल हा शब्दच नव्हता. मला ते पटलं नव्हतं, पण मुलगी माझी नाही.

बहीण वाहक आहे. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. प्रत्येक, हा शब्द लोक गिळून टाकतात. मावशीला कुणीतरी शहाण्यानं सांगितलं होतं, चारातलं एक जातं, तुझं एक झालं, आता पुढची तीन बिनघोर. असं नसतं. दर वेळी फासे नव्यानं पडतात. माझीही तपासणी झाली, मीही वाहक. आम्हाला मिळालेली कार्डं अशी, की त्याचं लाल आणि माझं पिवळं. त्यावर त्याचा ठरलेला डायलॉग होता: "मले पोटातूनच रेड कार्ड देल्लं गा, तुले वार्निंग देऊन सोडलं." लग्न ठरताना मी मुलीची तपासणी मागितली, तेव्हा होणारे सासरे पंधरा दिवस बोलले नाहीत. छत्तीस गुण मात्र त्यांनी आदल्याच दिवशी जुळवून आणले होते.

यंदा बॅनरवर शब्द आहे. बहिणीनं स्वतः छापायला सांगितला, मावशी तिच्याशी दोन दिवस अबोला धरून होती आणि मग बॅनर बांधायला सुतळी घरातून तिनंच काढून दिली. स्थळं येणं थांबेल की नाही ते बघू.

तर येणार असाल तर सकाळी नऊच्या आत या. दुपारी आलात तर फक्त फुटबॉल बघायला मिळेल, आणि तो कसा असतो ते वर सांगितलंच आहे. नागभीडहून येणारा रस्ता शेवटचे काही किलोमीटर खराब आहे, मोटारसायकल बरी. आणि जेवून या, उपाशीपोटी रक्त घेत नाहीत.