सुरीला परवाना लागत नाही, हे लिहून कोण देणार?

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, अडकित्ता, कात्री, सगळं घासूनपुसून देवापुढे मांडतात. मी बनवलेली पहिली सुरी त्याच दिवशी लोकांच्या स्वयंपाकघरात असावी, असं मी २०२३ च्या उन्हाळ्यातच ठरवलं होतं. नवमी २३ ऑक्टोबरला होती. १२ तारखेला ६० सुऱ्या तयार होत्या, डबे छापून आले होते, पुण्या-नाशिकच्या २१ जणांनी आगाऊ पैसे भरले होते. आणि इथे इंदूरच्या काउंटरवर कुरियरवाल्याने पार्सल परत माझ्याकडे सरकवलं.

"ये तो हथियार है. लायसन्स दिखाओ."

मी डबा उघडून दाखवला. भाजी चिरायची सुरी, शिसमची मूठ. तो म्हणाला, थाने से एनओसी ले आओ.

शुक्रवारी पोलीस ठाण्यात गेलो. साहेब नव्हते. शनिवारी पुन्हा गेलो. साहेब शांतपणे बोलले, सुरी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "रसोई के चाकू की एनओसी होती ही नहीं, तो दें क्या?" त्यांचं काही चुकत नव्हतं. रविवारी घटस्थापना झाली. सोमवारी कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याच्या खिडकीशी उभा राहिलो. परवान्याचा अर्ज असेल तर घेऊ, म्हणाले. परवाना लागत नाही असा दाखला आमच्याकडे नसतो. म्हणजे कुरियरला कागद हवा आणि तो कागद कुणाच्याच दप्तरात नाही. तीन खेटे, प्रत्येक वेळी अर्धा दिवस, आणि घरी ६० सुऱ्या तशाच पडून. आजही ते आठवलं की डोकं तापतं.

नियम मात्र स्पष्ट आहे. शस्त्र नियम २०१६, पहिली अनुसूची, पाचवा वर्ग. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर प्रश्न येतो, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. माझं पातं १६५ मिलिमीटर लांब आणि मुठीजवळ ४४ मिलिमीटर रुंद. लांबीतही आत, रुंदीतही आत, वर घरगुती. त्या पानाची छापील प्रत मी काउंटरवर ठेवली. त्याने ती वाचलीसुद्धा नाही. "ऊपर से मना है," एवढंच.

मग १७ तारखेला मी तोंडी बोलणं बंद केलं. त्यांच्या विभागीय कार्यालयाला ईमेल केला: कोणत्या नियमाखाली माल नाकारताय ते लेखी कळवा. सोबत नियमाचं पान, पट्टी शेजारी ठेवून काढलेला सुरीचा फोटो, ८२११ हा एचएसएन कोड (जीएसटीतला मालाचा वर्गक्रमांक) टाकलेलं जीएसटी बिल आणि उद्यम, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं. १९ ला सकाळी फोन आला, माल घेतो. एकच अट: बिलावर "हँडमेड नाइफ" आहे ते "किचन नाइफ" करा. एका शब्दासाठी माझा आठवडा गेला होता! तुम्ही पहिल्या बिलापासून "किचन नाइफ" लिहा, आणि जाहिरातीत खंजीर, हंटिंग असले शब्द चुकूनही वापरू नका. आणि नकार नेहमी लेखी मागा. लेखी नकार द्यायला कुणीच तयार नसतं.

पॅकिंगचं सांगायचं राहिलं. पात्याला जाड पुठ्ठ्याचं म्यान, टोकाशी पुठ्ठा दुहेरी दुमडलेला, मुठीपाशी केबल टाय. डबा हलवल्यावर आवाज यायला नको. त्याच आठवड्यात एक सुरी मावशीला नाशिकला स्पीड पोस्टने पाठवली होती. टपाल कार्यालयातल्या बाईंनी फक्त पॅकिंग बघितलं आणि घेतली. तेव्हाच्या १८९८ च्या टपाल कायद्यात मनाई होती ती नीट झाकलेली नसलेल्या धारदार वस्तूंना. १८ जून २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, तेव्हा आता पाठवणार असाल तर आधी विचारून घ्या.

बाकीचं सुरळीत झालं. पोलाद ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं. पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला, सांवेर रोडच्या औद्योगिक भागात दिलं: सुमारे ८३० अंशांवरून तेलात, मग ठिसूळपणा कमी करायला २०० अंशांवर दोनदा टेम्परिंग. कडकपणा ६० रॉकवेलच्या आसपास आला, आणि धार मला हवी तशी धरली. लिंबू-कांदा चिरून तसंच ठेवलं तर पातं काळं पडतं, हे डब्यावरच छापा, नाहीतर तक्रारी येतात. डब्यावर पत्ता, नग, महिना-वर्ष, सगळे कर धरून किंमत आणि ग्राहकासाठी फोन नंबर हवाच. ट्रेडमार्कचा अर्ज आठव्या वर्गात (हातहत्यारं, सुऱ्या), एकट्या माणसाला ऑनलाइन ४,५०० रुपये. मध्य प्रदेशचा कारभार मुंबईच्या कार्यालयाकडे आहे. नोंदणी होईपर्यंत नावापुढे फक्त टीएम लावा.

२१ पैकी १६ सुऱ्या नवमीच्या आत पोचल्या. एका ताईंनी विळीशेजारी हळदकुंकू वाहिलेल्या सुरीचा फोटो पाठवला, तो मी कामाच्या टेबलावर लावलाय. उरलेल्या पाचही जणांना फोन करून मी माफी मागितली.

आता १० इंची सुरी करायची आहे. ती ९ इंचांच्या वर जाते, पण कामाने घरगुतीच. या वेळी पाती कापण्याआधीच त्या कुरियरच्या कार्यालयाला ईमेल केलाय. आज बारावा दिवस, उत्तर नाही. उद्या पुन्हा लिहिणार आहे.