गुरुजींच्या अंगणातला एक्सल

रविवारी संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. "उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं काहीतरी उडालंय रे. तेल म्हणावं तर घट्ट आहे." मी विचारलं, खाली जमिनीवर डाग आहे का? नाही म्हणाले. रिंगच्या आतून गोल फवारा मारल्यासारखं? हो. मग बघायची गरजच नव्हती, एक्सलचा रबरी बूट फाटला होता.

एरवी म्हणालो असतो, उद्या सकाळी गॅरेजला आणा. पण सोमवारी सकाळी 7 वाजता काकूंचं डायलिसिस असतं, अंबाजोगाईला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार तास मशीनवर काढून त्या बाहेर येतात तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. गुरुजी पुढची सीट मागं पाडतात आणि त्यांना झोपवून आणतात. वडापच्या जीपमध्ये तसं होत नाही. आणि डायलिसिसची पाळी चुकवायची म्हटलं तर अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, हे त्या घरातल्या सातवीतल्या नातवालाही आता पाठ झालंय. माझी स्वतःची गाडी इंजिन खोलून पडलेली. मी पोराला घेतलं, पेटी घेतली आणि मोटारसायकलवर निघालो. बूटचं किट माझ्याकडं असतंच. जॉइंट नसतो. तो लातूरहून मागवावा लागतो, आणि रविवारी दुकान बंद.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझे उस्ताद अँबेसिडर आणि पद्मिनीवर शिकले. त्या गाड्यांत पुढची चाकं फक्त वळायची, ढकलायचं काम मागच्या चाकांचं. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि ओढायचं कामही पुढच्या चाकांवर आलं. चाक वळलेलं असताना, खड्ड्यात वरखाली होत असतानाही त्याला झटका न देता फिरवत ठेवायचं, हे काम एक्सलच्या टोकाचा सीव्ही जॉइंट करतो. आत सहा गोळ्या, त्यांना धरणारी जाळी, आणि गोळ्या धावतात त्या सहा खोबणी. सगळा जीव ग्रीसवर. ते ग्रीस आत राहावं आणि धूळ बाहेर राहावी म्हणून वर घड्याघड्यांचा रबरी बूट. काही शे रुपयांची वस्तू आहे. ती फाटून महिनाभर कुणी बघितलं नाही, तर हजारांचा जॉइंट जातो.

गाडीखाली बॅटरी मारली तर बूटची दुसरी घडी अर्धी उघडी होती. सुरुवात एका बारीक भोकापासून झालेली, तिथून चीर घडीच्या तळाने पळालेली. गुरुजींची गाडी पांदणीने शेतात जाते आणि या दिवसांत तिथं तुरीचे खुंट उभे असतात, खालून तिरपे कापलेले, खिळ्यासारखे. चाक ज्याच्यावर बसतं त्या हबवरचं ग्रीस मी नखाने खरवडलं. वरचा थर ओला, त्याखाली मातीची कोरडी खपली, खपलीखाली पुन्हा ग्रीस. म्हणजे चीर दोन-तीन दिवसांची नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी हीच गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला गेली होती. गुरुजींनी पावती आणून दाखवली, 'खालची तपासणी' यापुढे बरोबरची खूण. गाडी लिफ्टवर होती, माणूस खाली उभा होता, हातात दिवा होता. चाक पूर्ण वळवून बूटच्या घड्या बोटाने उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो. हे मला अजून पचत नाही.

अंगण काळ्या मातीचं, वर शेणाचा सडा. जॅक लावला की रुतणार. न्हाणीजवळची शहाबादी फरशी उचलून आणली, तिच्यावर जॅक आणि शेजारी गाडी तोलून धरायची घोडी. त्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, हबचा नट. त्याचा काठ एक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेला असतो. तो छिन्नीने उचलायचा आणि मग गोटी पान्याला लांब पाइप लावून जोर. गुरुजी आत बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून, मी आणि पोरगा पाइपवर लोंबकळून. नट सुटल्याचा आवाज घरात ऐकू गेला असेल.

पुढचं पटापट झालं. चाक काढलं, बॉल जॉइंटचा बोल्ट काढला, पहारीने खालचा आर्म दाबला, हब बाहेर झुकवला, एक्सल मोकळा. आतली बाजू गिअरबॉक्समधून काढली नाही. काढली की गिअर ऑइल सांडतं. पोराला सांगितलं, शाफ्ट आत दाबून धर, बाहेर ओढू नको, नाहीतर आतला जॉइंट निसटेल. पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा, लावून दोन ठोके दिले आणि जॉइंट हातात आला.

ग्रीस चिमटीत घेतलं. चांगल्या जॉइंटचं ग्रीस लोण्यासारखं सरकतं. हे चरचरलं. मुरुमाची कच होती. पेट्रोलने धुऊन जाळी तिरकी केली आणि गोळ्या एकेक करून बाहेर काढल्या. ज्या खोबणीतली गोळी त्याच खोबणीत परत जायला हवी, म्हणून त्या काकूंच्या पापडाच्या ताटात ओळीने मांडल्या. पाच बऱ्या होत्या. सहावीवर खवल्यासारखा एक डाग होता, आणि तिच्या खोबणीत नख अडकलं.

काकू चार हातांवर बाजेवर बसून बघत होत्या. फिस्टुलाचा हात, डायलिसिसच्या सुया टोचतात तो, मांडीवर उशीवर ठेवलेला. "नीट आहे का रे सगळं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नीट आहे काकू. रबर फाटलंय तेवढं."

हे वाक्य माझ्या तोंडून का आणि किती सहज निघालं, हे मी चार दिवस उगाळतोय. कामाच्या हिशोबाने माझा निर्णय चुकीचा नव्हता. असा जॉइंट एकाएकी तुटत नाही. आधी पूर्ण वळणावर कटकट वाजू लागतो आणि बरेच दिवस वाजत राहतो. गाडी तर अजून वाजतही नव्हती. अंबाजोगाईला जाऊन येणं सहज झालं असतं. पण ते ठरवायला दोघंजण होते आणि मी एकट्यानेच ठरवलं.

मग जे हातात होतं ते मन लावून केलं. आमच्याकडं काही जण चिरलेला, जोडाचा बूट सोल्युशनने चिकटवतात, क्लॅम्पच्या जागी केबल टाय ओढतात आणि ट्रॅक्टरचं पिवळं ग्रीस थापतात. त्यांना कारागीर म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी शाफ्टच्या दातांवर टेप गुंडाळली, म्हणजे नवा बूट सरकवताना आतून कापत नाही. आधी लहान क्लॅम्प, मग बूट. किटमधलं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस अर्धं जॉइंटमध्ये अंगठ्याने गोळ्यांमागं दाबून भरलं, अर्धं बूटमध्ये. जॉइंट शाफ्टवर अडकवून धरणारं लॉक नवं घातलं. जॉइंट ठोकला, टक् झालं, ओढून बघितलं. बूटच्या अरुंद तोंडात बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून आतली हवा सोडली, नाहीतर बूट फुगतो किंवा आत ओढला जातो आणि घड्या एकमेकींवर घासतात. मग क्लॅम्प आवळले. हबचा नटही नवाच लावला. रात्रीचे सव्वाअकरा झाले होते.

सोमवारी ते गेले आणि सुखरूप आले. दुपारी मी फोन करून गुरुजींना म्हणालो, जॉइंट बदलावा लागेल, मागवलाय. ते हो म्हणाले. बुधवारी त्यांची गाडी शाळेजवळच्या वळणावर दिसली तेव्हा मी मोटारसायकल बंद करून कान दिला. आवाज नव्हता.

गुरुवारी गॅरेजवर नवा जॉइंट बसवला. जुना ताटलीत खोलून ठेवला होता. गुरुजींनी चष्मा वर करून सहावी गोळी उचलली, उजेडात फिरवली.

"हे रविवारीच दिसलं होतं का तुला?"

"हो गुरुजी."

त्यांनी मला चौथीत शिकवलंय. त्यांनी गोळी होती त्याच जागी परत ठेवली.

"मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

तेव्हापासून ते अंगण डोळ्यांसमोर आणून बघतोय. एकीकडं भिंत, एकीकडं गाडी, मध्ये बाज. बाजूला म्हणजे नक्की कुठं घेऊन जायचं होतं मी त्यांना?