विमानाला रायफलचा नेम

जपानच्या राजवंशी कालगणनेतलं 2599 वं वर्ष म्हणजे आपलं 1939. त्या वर्षीची म्हणून ही रायफल ‘टाइप 99’, जपानी पायदळाच्या ‘अरिसाका’ बंदुकांपैकी 7.7 मिलिमीटर नळीची. हिची मागची साइट, म्हणजे नेम धरायची पट्टी, उभी केली की तिच्यावर सरकणाऱ्या कडीच्या दोन्ही अंगांना मिटलेल्या दोन बारीक दांड्या दिसतात. त्या उघडायच्या आणि बंदूक आभाळाकडे रोखायची. कशासाठी? तर उडतं विमान पाडायला!

मला या दांड्यांचं भारी कौतुक वाटतं. कल्पना तशी खुळी नाही. आडव्या जाणाऱ्या विमानावर थेट नेम धरला, तर गोळी पोहोचेपर्यंत ते पुढे निघून गेलेलं असतं. मग किती पुढे मारायचं? ते या दांड्यांवरच्या खुणा सांगणार. शिपायाने गणित करायचं नाही, ते कारखान्यातच करून लोखंडावर कोरलंय. शिवाय एकट्याने नव्हे, सगळ्या तुकडीने एकदम बार काढायचे. समोर चिनी हवाई दलाची एकावर एक पंखांची जुनी दुपंखी विमानं असताना हे कागदावर पटण्यासारखंही असेल.

पण पुढे आली अमेरिकन हेलकॅट लढाऊ विमानं, ताशी सुमारे 600 किलोमीटर वेगाची. पाचशे मीटर जायला गोळीला जवळजवळ सेकंद लागतो, तेवढ्यात हेलकॅट दीडशे मीटर सरकलेलं. दहा मीटर लांबीची पंधरा विमानं एकापुढे एक मांडा, तेवढं पुढे मारायचं. तेही वरून तुमच्यावर गोळ्यांचा पाऊस पडत असताना, एवढ्याशा दांडीवरची खूण बघत! ही साइट मंजूर करणाऱ्या साहेबांपैकी कोणी तसं उभं राहून पाहिलं असेल असं मला तरी वाटत नाही.

नळीखाली तारेचा एक पायही होता, टेकून झाडण्यासाठी. तो इतका लेचापेचा की त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

युद्ध फिरलं, पोलाद आणि वेळ दोन्ही आटलं, तशी काटछाट सुरू झाली. दांड्या गेल्या, तारेचा पाय गेला. शेवटी शेवटी तर वरखाली होणारी पट्टीसुद्धा गेली आणि राहिलं नुसतं भोक पाडलेलं लोखंडाचं ठोकळं, एकाच अंतरासाठी कायमचं बसवलेलं. संग्राहक या उशिराच्या बंदुकांना नाकं मुरडतात आणि दांड्या शाबूत असलेल्या साइटसाठी जास्त पैसे मोजतात. हौसेला मोल नसतं, कबूल. पण पॅसिफिकच्या बेटांवर, झाडोऱ्यात, शत्रू बहुतेक वेळा हाकेच्या अंतरावरच असायचा. मूळच्या साइटवर दीड हजार मीटरपर्यंतचे आकडे होते, ते तिथे कोणाच्या कामाचे? शिपायाच्या खऱ्या गरजेला ते ओबडधोबड भोकच जास्त जवळचं होतं. ते सुचायला मात्र पोलाद संपावं लागलं.