गॉसिपिंगला मराठीत काय म्हणायचे?

'गॉसिपिंग'ला मराठी शब्द कोणता, असे एका मैत्रिणीने विचारले तेव्हा मी 'चहाडी' असे सांगून मोकळी झाले आणि मग दिवसभर ते उत्तर मला खटकत राहिले. चहाडी नेहमी कोणाकडे तरी केली जाते. ऐकणाऱ्याच्या हाती काही अधिकार असतो आणि ज्याच्याविषयी ती केली त्याला बोल लागावा, हा हेतू असतो. गॉसिपिंगमध्ये सांगणारा आणि ऐकणारा एकाच पायरीवर बसलेले असतात. 'अफवा' म्हणावे, तर सांगितलेली गोष्ट शंभर टक्के खरी असली तरी ते गॉसिपिंगच राहते. 'गावगप्पा' म्हणाव्यात, तर त्यांत गैरहजर तिसरा माणूस असलाच पाहिजे असे नाही. 'कुचाळक्या' त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यात दुष्टावा आधीच धरलेला असल्यामुळे स्वतःविषयी तो कोणी वापरत नाही. दुसरे करतात त्या कुचाळक्या, आपण करतो ते थोडेसे गॉसिप. (मीही याच पंक्तीतली.)

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचे मूळ अगदी सोज्वळ आहे. जुन्या इंग्रजीतील 'गॉडसिब' म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा मानलेला पालक. त्यावरून जवळचा स्नेही, मग बाळंतपणाला जमणाऱ्या मैत्रिणी, १६व्या शतकात रिकामटेकडे बोलणारी व्यक्ती आणि १९व्या शतकात ते बोलणेच, असा तो घसरत आला. जवळीक मात्र त्यात टिकून राहिली. माकडे एकमेकांचे केस साफ करून जे नाते जपतात, तेच माणूस अशा गप्पांतून जपतो, असे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकात मांडले, ते मला पटते.

कारण दार लागल्याचा आवाज येताच खुर्ची पुढे सरकते, आवाज उतरतो आणि 'तुला म्हणून सांगते हं' हे वाक्य येते, तेव्हा बातमीपेक्षा 'तुला म्हणून' याचेच सुख अधिक असते. पाठोपाठ येतो 'म्हणे'. 'तिने स्वतःच बदली मागून घेतली म्हणे.' एवढ्याशा शब्दाने सांगणाऱ्याची जबाबदारी संपते आणि गोष्ट मात्र पुढे जाते. अशा वेळी 'कोण म्हणाले?' असे मी एकदाच विचारून पाहिले. खुर्ची मागे सरकली आणि बोलणे हवापाण्यावर गेले.