तिसऱ्या वर्षी कॉलेज बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही. प्रश्न नेहमी त्याच धाटणीचा असतो. पदवीची दोन-अडीच वर्षं झालीत, कॉलेज नकोसं झालंय, आता बदललं तर चालेल का? मलाच विचारतात, कारण चार वर्षांच्या पदवीत पाचव्या सेमिस्टरच्या तोंडावर मी बदललं होतं.

चालतं. पण हिशेब आधी कुणी मांडत नाही.

माझा मांडला तो नव्या विभागातल्या समन्वयक बाईंनी. टेबलावर माझी गुणपत्रकं, शेजारी दोन्हीकडचे अभ्यासक्रम, त्यांच्या हातात पेन्सिल. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या पेपरवर पेन्सिल थांबली. नाव तेच, पाठ्यपुस्तकही तेच. "प्रात्यक्षिकाचे तास किती होते तुमच्याकडे?" मी म्हटलं, नव्हतेच. त्यांनी बारीक अक्षरात 'ऐच्छिक' लिहिलं. मला वाटलं, सुटले. खरं तर तिथेच अडकले होते. क्रेडिट्स (पेपर पुरा केल्यावर पदवीच्या हिशेबात धरले जाणारे अंक) जमा झाले, पण मुख्य विषयाच्या खात्यात नाहीत, आणि ऐच्छिकाचा कोटा आधीच भरलेला. म्हणजे तो पेपर पुन्हा घ्यायचा, आणि त्यावर बेतलेले पुढचे दोन पेपर मागे सरकणार. असे सगळे पेपर धरून ८० पैकी ५४ क्रेडिट्स कामाचे उरले. दोन वर्षांचं राहिलेलं शिक्षण तीन वर्षांचं झालं.

उशिरा बदलण्यातली मेख हीच. पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक ठिकाणी सारखे, ते सहज धरले जातात. वरच्या वर्गांचे पेपर ज्या-त्या विभागाच्या सोयीने आखलेले. शिवाय पदवीवर ज्यांचं नाव, त्यांच्याकडे ठरावीक वाटा शिकावाच लागतो. भारतात २०२१मध्ये आलेल्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले क्रेडिट्स एका खात्यात साठवायच्या योजनेच्या) नियमांत हा वाटा निदान निम्मा आहे. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिट्सची. त्यातले ३० तरी आमच्याकडचेच हवेत, असं बरीच विद्यापीठं सांगतात. तिथे अनेकदा क्रेडिट्स येतात, ग्रेड येत नाहीत. सरासरी नव्याने सुरू. (आधीचे गुण बेतास बात असतील, तर हे वरदानच.)

मी का बदललं? अर्जात 'संशोधनाची संधी' लिहिलं होतं. खरं कारण असं, की हॉस्टेलच्या जिन्यात एका मैत्रिणीशी समोरासमोर गाठ पडायला नको होती. संशोधनाची संधी पुढे खरीच निघाली, पण तो माझा शहाणपणा नव्हे.

म्हणून आता मीच उलट विचारते. तुम्हाला हवा तो विषय तिथे शिकवतच नाहीत, की तुम्हाला तिथे करमत नाही? शिकवत नसतील तर वर्ष गेलं तरी जा. करमत नसेल तर आधी खोली बदला, एका सेमिस्टरची रजा घ्या. नव्या जागी शिक्षकांना तुमचं नाव पाठ होईतो शिफारसपत्रं मागायची वेळ आलेली असते.

आणि ठरलंच, तर कोणता पेपर कशात धरला याचा कागद प्रवेश पक्का करण्याआधी सहीशिक्क्यानिशी घ्या. एका पेपरबद्दल बाई मला तोंडी "होऊन जाईल" म्हणाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी होतं, आणि तो पेपर मी दुसऱ्यांदा शिकले, पहिल्या बाकावर बसून, जुनी वही समोर उघडून.