टॉप ऑफ द पॉप्स, १९७६ ते १९८०: नोंदवही कुठवर आली

‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा बीबीसीचा पॉप गाण्यांचा साप्ताहिक टीव्ही कार्यक्रम. बीबीसी फोर या वाहिनीने एप्रिल २०११मध्ये त्याचे जुने भाग पुन्हा दाखवायला सुरुवात केली, ती १ एप्रिल १९७६च्या भागापासून. तिथपासून मे १९८०पर्यंतच्या भागांत कोणतं गाणं कसं सादर झालं, याची नोंद आता पूर्ण झाली आहे. अर्थात जेवढे भाग पुन्हा दाखवले गेले तेवढ्यांचीच. कार्यक्रमाचं वय पाहता हा लहानसाच तुकडा आहे: पहिला भाग १ जानेवारी १९६४ला मँचेस्टरच्या रशोम भागातल्या एका जुन्या चर्चच्या स्टुडिओतून गेला आणि साप्ताहिक कार्यक्रम थांबला ३० जुलै २००६ला.

नोंदी करताना एक गोष्ट पक्की झाली. पडद्यावर कोण दिसणार हे निर्मात्याच्या आवडीपेक्षा नियमांवर जास्त ठरायचं. चार्टचा, म्हणजे रेकॉर्डच्या विक्रीवरून लागणाऱ्या साप्ताहिक क्रमवारीचा नियम, संगीतकारांच्या संघटनेचा नियम, आणि मंगळवार ते गुरुवार एवढाच हाताशी असलेला वेळ. हे बाजूला ठेवून भाग पाहिला की ‘नंबर चारवरचं गाणं वगळून अठ्ठाविसाव्याला का घेतलं?’ असले प्रश्न पडत राहतात. उत्तर बहुतेक वेळा सोपं असतं. नंबर चारचं गाणं त्या आठवड्यात खाली घसरलेलं असतं, आणि घसरणारं गाणं घ्यायचं नाही हा कार्यक्रमाचा जुना दंडक होता. लागोपाठ दोन आठवडे एकच गाणं वाजवायचं नाही, हा दुसरा. त्यातून सूट फक्त नंबर एकला, आणि त्याने भाग संपायचा. त्यामुळे थेट सहाव्या नंबरावर येऊन पुढच्या आठवड्यात गडगडलेल्या गाण्याला एकदाच संधी मिळे, तर तिसाव्यापासून रांगत वर चढणारं गाणं एक आठवडा सोडून पुन्हा पुन्हा दिसे.

तारखांचा घोळ

नोंदवहीत सर्वाधिक चुका तारखेच्या रकान्यात होतात, म्हणून याचं जरा सविस्तर. १ एप्रिल १९७६चा भाग उदाहरणाला घेऊ. दुकानांतली विक्री मोजली गेली शनिवार, २७ मार्चपर्यंतची. तेव्हा चार्ट बीएमआरबी ही संस्था काढायची. दुकानदार विकलेल्या रेकॉर्डची नोंद डायरीत करायचे, त्या डायऱ्या टपालाने जायच्या, आणि मंगळवारी, ३० मार्चला, रेडिओ वनवर नवा चार्ट जाहीर झाला. चित्रीकरण साधारणपणे बुधवारी आणि प्रसारण गुरुवारी. छापील चार्टवर मात्र तारीख आठवडाअखेरची, म्हणजे शनिवार, ३ एप्रिलची. एकाच भागाला चिकटू शकतील अशा पाच तारखा झाल्या.

आता अधिकृत चार्टच्या संग्रहात तोच आठवडा ‘२८ मार्च ते ३ एप्रिल’ असा दिसतो. घाईत पहिली तारीख उचलली आणि प्रसारणाच्या आधीचा शनिवार शोधत गेलं की सगळे नंबर एका आठवड्याने मागे सरकतात. नियम एकच ठेवा: प्रसारणाच्या गुरुवारनंतर लगेच येणारा शनिवार ज्या चार्टवर आहे, तो त्या भागाचा चार्ट. ताळा घ्यायचा तर निवेदकाने तोंडाने सांगितलेले निदान तीन नंबर जुळवून पाहा. एक जुळणं पुरेसं नाही. काही गाणी दोन-दोन आठवडे एकाच जागी ठाण मांडून बसतात. नाताळाच्या आठवड्यात नवा चार्ट निघतच नसे, आधीचाच पुढे चाले. तिथे नंबर बदललेले दिसले नाहीत तर दुरुस्त करायला जाऊ नका.

(बिनाका गीतमालाच्या पायदानांवर वाद घालत मोठ्या झालेल्या मंडळींना हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की तिथे विक्रीच्या जोडीला श्रोता संघांचा कौलही होता, आणि बीएमआरबीच्या डायरीत तो नव्हता.)

रकाने

प्रत्येक भागासाठी एक ओळ पुरत नाही, गाण्यामागे एक ओळ लागते. रकाने असे: प्रसारणाची तारीख, चार्टची तारीख, गाण्याचा भागातला क्रम, त्या आठवड्यातला नंबर, मागच्या आठवड्यातला नंबर, सादरीकरणाचा प्रकार, ध्वनीचा प्रकार, सुरू आणि बंद होण्याची वेळ मिनिट-सेकंदांत, आणि शेवटी कात्रीचा शेरा (काय कापलं किंवा गहाळ आहे ते). ‘प्रकार’ या रकान्यात पाचच पर्याय ठेवलेत: स्टुडिओ, जुन्या भागातून पुन्हा वापरलेला स्टुडिओ-तुकडा, फिल्म, नृत्यपथक, श्रेयनामावलीखाली वाजलेलं. तिसरा पर्याय चौथ्यापासून ओळखणं सोपं. पहिला आणि दुसरा वेगळा करायला मागच्या सहा आठवड्यांच्या नोंदी उघड्या ठेवाव्या लागतात. कपडे, मंचाची मांडणी आणि मागे उभ्या प्रेक्षकांतला एखादा ठळक चेहरा, असं तीन खुणांनी जुळवा.

नंबर एकवर गाणं मुक्काम ठोकून बसलं की भागाची शेवटची तीन मिनिटं तीच ती होतात. १९७६मध्येच ‘सेव्ह युअर किसेस फॉर मी’ सहा आठवडे, एल्टन जॉन आणि किकी डी यांचं युगुलगीत सहा आठवडे, ‘डान्सिंग क्वीन’ सहा आठवडे. अशा वेळी आधीची ओळ चिकटवून पुढे जाण्याचा मोह टाळा. तुकडा कधी पुन्हा चित्रित झालेला असतो, कधी नुसता छोटा केलेला असतो, आणि सुरू-बंदच्या वेळा टिपल्याशिवाय हा फरक कळत नाही.

स्टुडिओ की फिल्म

ब्रिटिश चित्रण ६२५ ओळींचं पाल (तिथली टीव्हीची प्रमाण पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, पण इंटरलेस्ड. म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची), आणि हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली. फिल्मवर ती २५ वेळाच टिपली जाते. याचा सरळ उपयोग होतो. रेकॉर्डरवर घेतलेल्या प्रसारणाचं डीइंटरलेसिंग (फील्ड सुटी करून पूर्ण फ्रेम बनवणं) फील्डमागे एक फ्रेम या पद्धतीने करा (एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर पुरेसा आहे), मग एकेक फ्रेम पुढे सरकवा. ढोलकऱ्याची काठी प्रत्येक फ्रेमला हलली तर इलेक्ट्रॉनिक कॅमेरा; एक फ्रेम हलून एक थांबली तर फिल्म.

कसोटी कुठे फसते? चार ठिकाणी. फील्डचा क्रम उलटा लागला तर चित्र पुढे-मागे उचक्या देतं. एचडी प्रसारणात वरचं फील्ड आधी असतं, जुन्या डीव्ही कॅप्चरमध्ये खालचं. मूळ फाइलच २५ फ्रेमची प्रोग्रेसिव्ह असेल तर सगळंच फिल्म दिसतं, तिथे कसोटी बाद समजा. एसडी (एचडीपूर्वीच्या लहान आकाराची) फाइल आधी मोठी करून मग डीइंटरलेस केली असेल तर ओळी कायमच्या विस्कटतात. क्रम नेहमी उलट, आधी डीइंटरलेस, मग आकार. आणि चौथं म्हणजे काही प्रचारचित्रं मुळातच व्हिडिओटेपवर केलेली होती. क्वीनचं नोव्हेंबर १९७५चं गाजलेलं चित्रण, जे नऊ आठवडे नंबर एक असलेल्या ‘बोहेमियन रॅप्सडी’सोबत फिरलं, ते व्हिडिओवरचंच. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा चेहरा अंधारातून येताना दिसला की ‘स्टुडिओ’ असं लिहून मोकळे होऊ नका.

आकाराबद्दल थोडक्यात: एसडीचं ७२०×५७६ चौकोनी पिक्सेलांत ७६८×५७६ करा. एचडीत दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या २४०-२४० पिक्सेल कापल्या की १४४०×१०८० उरतं. चित्र ताणून पडदा भरू नका. नर्तकी बुटक्या दिसतात आणि स्टुडिओच्या मांडणीचा अंदाज चुकतो.

आवाज कुणाचा

हा भाग सर्वांत रंजक आणि सर्वांत वेळखाऊ. संगीतकारांच्या संघटनेचा आग्रह असा की बाजारातली रेकॉर्ड लावून ओठ हलवायचे नाहीत. कार्यक्रमासाठी गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करा, त्याला तीन तासांचं एक सत्र. जी रेकॉर्ड करायला स्टुडिओत कित्येक दिवस गेले ती तीन तासांत पुन्हा होणार कशी? म्हणून संघटनेच्या प्रतिनिधीसमोर वाजवल्यासारखं करायचं आणि शेवटी मूळ टेपच हातात द्यायची, हा प्रकार सर्रास चाले. काही जण मात्र खरंच पुन्हा वाजवत. काही जण तयार साथीवर प्रत्यक्ष गात. आणि काहींना कार्यक्रमाच्या, म्हणजे जॉनी पीअरसनच्या, वाद्यवृंदाची साथ मिळे. रॉक गाण्यांचं त्यात पुष्कळदा काय होई ते ऐकूनच घ्यावं.

कोणत्या गाण्यात काय घडलं हे ठरवायला ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ट्रॅक घ्या. एक भागातला, दुसरा मूळ सिंगलचा. अल्बममधला चालत नाही, त्याची लांबी आणि मिश्रण वेगळं असतं. दोन्ही मोनो, ४८ किलोहर्ट्झ. पहिल्या ठळक ठोक्यावर जुळवा, मग गाण्याच्या शेवटाकडचा एखादा ठोका पाहा. अंतर एकसारखं वाढत गेलं असेल तर टेप तीच, वेग वेगळा. एक टक्का फरकाने मिनिटाला ०.६ सेकंद सरकतं, तेवढा वेग बदलून घ्या. अंतर कधी पुढे कधी मागे होत असेल तर वादन नवं आहे, पुढची कसोटी करायची गरज नाही. वेग जुळल्यावर एक ट्रॅक ‘इन्व्हर्ट’ करा (लहर वरची खाली, मागून पुढे नव्हे), पातळी जुळवा आणि मिसळा. साथ दबली आणि गायकाचा आवाज उरला तर गाणं प्रत्यक्ष गायलेलं. जवळपास सगळंच दबलं तर रेकॉर्ड. संपूर्ण शांतता कधीच मिळत नाही, कारण प्रेक्षकांचा गोंगाट आणि प्रसारणाचं कॉम्प्रेशन मध्ये येतं. ट्रेबल उरला तर हरकत नाही, बेस आणि बास ड्रम दबले की निष्कर्ष धरा. शेवटही ऐका. रेकॉर्ड हळूहळू विरत जाते. नव्या ध्वनिमुद्रणाला बहुधा ठाम शेवट असतो.

नृत्यपथकं

कार्यक्रमाच्या नर्तिकांच्या पथकाचा, पॅन्स पीपलचा, एप्रिल १९७६ हा शेवटचा महिना, म्हणजे पुनःप्रसारणात त्या जेमतेम सापडतात. मेपासून रुबी फ्लिपर, स्त्री-पुरुष मिश्र पथक, जे शरद ऋतूत गुंडाळलं गेलं. मग १९८१पर्यंत लेग्ज अँड को. तिन्हींची नृत्यदिग्दर्शिका एकच, फ्लिक कोल्बी. कलाकार येऊ शकत नसेल आणि फिल्मही नसेल तिथे पथक, आणि मंगळवारी चार्ट कळल्यावर बसवायला वेळ किती तो वर आलाच आहे. शब्दाबरहुकूम केलेल्या हावभावांना हसण्याआधी हे वेळापत्रक आठवावं.

गहाळ आणि कापलेले

कात्रीच्या शेऱ्याला चार चिन्हं: ‘क’ कापलेलं, ‘द’ पुन्हा न दाखवलेला भाग, ‘न’ नष्ट, ‘सं’ संप. सुरुवातीच्या वर्षांत संध्याकाळचं पुनःप्रसारण अर्ध्या तासात बसवलेलं होतं, त्यात गाणीच्या गाणी गेली. रात्री उशिराची आवृत्ती जास्त पूर्ण. नोंद रात्रीच्याच आवृत्तीवरून करा. लैंगिक अत्याचारांचे आरोप उघड झाल्यावर, २०१२च्या उत्तरार्धापासून, निवेदक जिमी सॅव्हिलने सादर केलेले भाग वगळले जातात, त्यामुळे त्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत ‘द’चं प्रमाण फार वेगळं दिसतं.

‘न’ मुख्यतः आधीच्या काळाचा रोग. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती; पहिल्या ५०० भागांतले पूर्ण स्वरूपात सुमारे वीसच उरलेत. जानेवारी १९७३चं डेव्हिड बोवीचं गेलेलं सादरीकरण २०११मध्ये परत मिळालं, ते जॉन हेनशॉल या कॅमेरामनने स्वतःची प्रत ठेवली होती म्हणून.

‘सं’ फक्त १९८०चा. बीबीसीने आपले काही वाद्यवृंद बंद करायचं ठरवलं, संघटनेने संप केला, आणि २९ मेनंतर कार्यक्रम थेट ७ ऑगस्टला परतला. डॉन मॅक्लीनचं गाणं आणि ‘झनाडू’ ही दोन्ही याच खिंडारात नंबर एक झाली. त्या आठवड्यांच्या रिकाम्या ओळी गाळू नका, चार्टची तारीख टाकून ठेवा, नाहीतर मागच्या-पुढच्या नंबरांचं गणित तुटतं.

पुढचा टप्पा

ऑगस्ट १९८० ते डिसेंबर १९८३. इथे मायकल हर्ल निर्माता आहे आणि भागाची बांधणी बदलते, तेव्हा क्रमाच्या रकान्यात काउंटडाउनचे (चार्ट खालून वर वाचून दाखवण्याचे) तुकडेही स्वतंत्र ओळींत लिहायचे. जुलै १९८१पासून ‘यलो पर्ल’ हे शीर्षकसंगीत. त्याआधीच्या तुकड्यांची वर्षं ठरवताना ही हद्द कामी येते. जानेवारी १९८३पासून चार्ट काढण्याचं काम बीएमआरबीकडून गॅलप या संस्थेकडे गेलं.

भारतीय धाग्यांची वेगळी यादीही चालू आहे. बंगळुरूचे बिड्डू निर्माता असलेलं टीना चार्ल्सचं गाणं मार्च १९७६मध्ये नंबर एक होतं, म्हणजे पुनःप्रसारण थोडक्यात चुकलं. १९८०मध्ये त्याच बिड्डूंनी ‘कुर्बानी’साठी नाझिया हसनचं गाणं केलं. १९८२मध्ये शीला चंद्राचा मॉन्सून हा गट बाराव्या नंबरापर्यंत गेला. आशा भोसले यांच्यावरचं कॉर्नरशॉपचं गाणं फेब्रुवारी १९९८मध्ये नंबर एकला पोचलं, पण तिथवर यायला अजून बरंच आहे. सध्या १९७८च्या उन्हाळ्यातल्या ध्वनीच्या रकान्यात प्रश्नचिन्हं सर्वांत जास्त आहेत. ज्यांच्याकडे त्या वर्षीच्या मूळ ४५ आरपीएम सिंगल आहेत त्यांनी मोनो ट्रान्सफर करून वरच्या पद्धतीने तपासावं, आणि शेऱ्यात प्रेसिंगचा कॅटलॉग क्रमांक लिहावा.